नानांच्या पोटात एच. पायलोरी हा जंतू निघालाय, १४ दिवस गोळ्या घ्यायच्या का नुसतं तिखट बंद करून भागेल? आणि घरातल्या सगळ्यांनी टेस्ट करायची का?

विडीघरकुलचा_पोरगा

नमस्कार मंडळी, जरा मोठं झालंय पण वाचा. आमचे नाना, वय ६२, आयुष्यभर पॉवरलूमवर काम केलं, आता घरीच असतात. उन्हाळ्यापासून पोटात आग आग होतेय म्हणायचे, रात्री दोन-तीनला उठून बसायचे, दोन बिस्किटं खाल्ली की बरं वाटायचं मग परत झोपायचे. मेडिकलमधनं गॅसच्या गोळ्या आणून चालू होतं सगळं. मग एक दिवस संडासला एकदम डांबरासारखं काळं झालं, आईने धोशाच लावला तेव्हा कुठे दाखवायला तयार झाले. एंडोस्कोपी झाली, ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठराला लागून लहान आतडं सुरू होतं तिथं, अल्सर म्हणजे जखम निघाली, आणि तिथंच आतला बारीक तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये टाकला तो थोड्या वेळात गुलाबी झाला. डॉक्टर म्हणले एच. पायलोरी पॉझिटिव्ह, १४ दिवसांचा कोर्स करा. ओपीडीत एवढी गर्दी होती की पुढचं काय विचारायच्या आत बाहेर आलो.

आता गोळ्यांची पिशवी बघून नाना बिथरलेत. चार प्रकारच्या आहेत, दिवसातनं चार-चार वेळा. ते म्हणतात हे सगळं तिखटाचं आहे, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बंद करतो, गोळ्या नकोत. शेजारच्या काकू म्हणतात रोज वाटीभर दही द्या, चांगले जंतू वाईट जंतूंना खाऊन टाकतात. आणि आईला वेगळंच टेन्शन, आम्ही सगळे एकाच ताटात जेवतो, नाना आमच्या दोन वर्षांच्या पोराला भाकरी स्वतः चावून मऊ करून भरवतात, मग पोराला पण लागलं असेल का, सगळ्यांनाच कोर्स करावा लागेल का. पाणी पण आमच्याकडं तीन-चार दिवसांनी येतं, हौदात साठवतो, त्यातनं आलं असेल का? कुणाला माहिती असेल तर सांगा.

शेंगाचटणी_फॅन

बाकीचं डॉक्टर लोक सांगतील पण चटणीवर उगाच आळ घेऊ नका ओ. आमची आजी ८८ वर्षांची होऊन गेली, रोज चटणी-भाकरी-तेल, कधी ॲसिडिटी नाही. सोलापुरात तिखटाने अल्सर होत असता तर अख्खं गाव ॲडमिट असतं.

लॅबवाला_अण्णा

मी किनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे बरीच वर्षं, तो पिवळ्याचा गुलाबी होण्याचा प्रकार आधी सांगतो म्हणजे जंतू कसा आहे ते कळेल. त्या जेलमध्ये युरिया असतो आणि रंग बदलणारं एक द्रव्य असतं. एच. पायलोरीकडं युरिएज नावाचं एन्झाइम लै मोठ्या प्रमाणात असतं, ते युरिया फोडून अमोनिया तयार करतं, अमोनिया झाला की जेल अल्कली होतं आणि रंग गुलाबी होतो. हेच काम तो पोटात करतो. जठरात ॲसिड एवढं जहाल असतं की तोंडातनं गिळलेले बहुतेक जंतू तिथंच मरतात, पण हा पठ्ठ्या आपल्याभोवती अमोनिया सोडून ॲसिड मारतो, मळसूत्रासारखं त्याचं अंग आणि शेपट्या, त्याच्या जोरावर चिकट थरात घुसतो आणि आतल्या कातडीला जाऊन चिकटतो. तिथं वर्षानुवर्षं राहतो. औषध दिल्याशिवाय सहसा जात नाही.

आता महत्त्वाचं. कोर्स झाला की लोक लॅबमध्ये येतात आणि म्हणतात रक्ताची एच. पायलोरी टेस्ट करा, गेला का बघायचंय. रक्तातल्या अँटीबॉडी जंतू गेल्यावर पण महिनोन्महिने, कधी कधी वर्षंवर्षं पॉझिटिव्ह येत राहतात. म्हणजे नानांचा जंतू खरंच गेला असला तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह, आणि कुणीतरी परत १४ दिवस गोळ्या चालू करणार. गेला का नाही बघायला श्वासाची युरिया टेस्ट किंवा संडासातली अँटिजेन टेस्ट (त्यात जंतूचे अंश सापडतात का बघतात). श्वासाच्या टेस्टमध्ये वेगळ्या कार्बनची खूण असलेला युरिया प्यायला देतात, जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्या खुणेचा कार्बन डायऑक्साइड फुंकरीतनं बाहेर येतो. जंतू नसेल तर काही नाही.

पूर्वभाग_डॉक

एमडी मेडिसिन आहे, ऑनलाइन कुणाला औषध लिहून देत नाही, नानांच्या डॉक्टरांनी दिलंय तेच चालू ठेवा. पण जे विचारलंय त्याचं सांगतो.

तिखटाचा समज जुना आहे आणि एके काळी डॉक्टर पण तेच सांगायचे, तिखट आणि टेन्शन. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन नावाचे पॅथॉलॉजिस्ट होते, त्यांना जठराच्या तुकड्यांत हे वाकडे जंतू सारखे दिसायचे. त्यांच्याबरोबर बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर आला. जंतू लॅबमधल्या जंतू वाढवायच्या प्लेटवर काही केल्या वाढत नव्हता कारण दोन दिवसांत प्लेट टाकून द्यायची पद्धत. १९८२ ला ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि वाढलेला दिसला. लोकांचा तरी विश्वास बसेना, तर १९८४ ला मार्शलने ते जंतूंचं पाणी स्वतः प्यायलं. काही दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, एंडोस्कोपीत जठर सुजलेलं. २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या जंतूला पहिल्या गटात टाकलंय, जठराच्या कॅन्सरचं सिद्ध कारण म्हणून. घाबरू नका, कॅन्सर फार थोड्यांना होतो, पण अल्सर झालेल्या माणसाने जंतू तसाच ठेवायचा नसतो. त्यात नानांना काळं संडास झालं म्हणजे अल्सरमधनं रक्त गेलंय. हिमोग्लोबिन केलं का? नसेल तर करा.

तिखट खाऊन असलेल्या अल्सरवर झोंबेल, म्हणून बरं होईपर्यंत कमी करा, एवढंच. चटणी बंद करून जंतू जात नाही.

आता मी तुम्हाला एक विचारतो. नाना गुडघेदुखी, कंबरदुखीसाठी काही घेतात का? आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन असं काही?

विडीघरकुलचा_पोरगा

डॉक्टरसाहेब तुम्ही ओळखलंच. लूमवर उभं राहून राहून गुडघे गेलेत त्यांचे. मेडिकलवाल्याकडनं एक लाल गोळी आणि एक पांढरी, नाव पण माहिती नाही, दुखलं की घेतात, म्हणजे रोजच. एंडोस्कोपीच्या वेळी हे सांगितलंच नाही आम्ही, कुणी विचारलं पण नाही. हिमोग्लोबिन ९.१ आहे.

पूर्वभाग_डॉक

मग आज संध्याकाळी त्या गोळ्या घेऊन तुमच्या डॉक्टरांकडं जा आणि दाखवा. अल्सरची दोन मोठी कारणं, हा जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या, आणि दोन्ही एकत्र असली की धोका आणखी वाढतो. जंतू मारला आणि दुखण्याच्या गोळ्या चालूच ठेवल्या तर अल्सर परत येईल आणि तुम्ही म्हणाल कोर्स फेल गेला. गुडघ्याला दुसरं काय चालेल ते डॉक्टर सांगतील. फक्त हृदयासाठी कुणी ॲस्पिरिन दिली असेल तर ती मनाने बंद करायची नाही, विचारून.

चार प्रकारच्या गोळ्या म्हणताय आणि दिवसातनं चार वेळा, म्हणजे बहुतेक बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि ॲसिड कमी करणारी गोळी असणार. असं असेल तर दह्याचं ऐका. टेट्रासायक्लिन दुधातल्या-दह्यातल्या कॅल्शियमला चिकटतं आणि मग आतड्यातनं रक्तात नीट जात नाही. म्हणजे काकूंच्या सांगण्यावरनं गोळीबरोबरच वाटीभर दही दिलं तर औषध निम्मं वाया. दही खायचंच असेल तर गोळीच्या आधी-नंतर दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळ्यांचं पण तेच, हिमोग्लोबिनसाठी कुणी चालू केल्या तर वेळ विचारून घ्या.

जीभ काळी पडली तर घाबरायचं नाही. तोंडातले जंतू गंधकाचा वायू तयार करतात, सकाळी तोंडाला वास येतो तो त्याचाच, बिस्मथची त्याच्याशी गाठ पडली की काळं बिस्मथ सल्फाइड बनतं. आतड्यात पण तसंच, म्हणून संडास पण काळं होतं. पण नानांना आधी रक्त गेलंय म्हणून फरक लक्षात ठेवा, औषधाने नुसता रंग काळा होतो, रक्ताचं असेल तर चिकट, डांबरासारखं, भयंकर वास, आणि बरोबर चक्कर, घाम, धडधड. तसं काही वाटलं तर वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सी.

हुरडा_पार्टी

डॉक्टरसाहेब तुमचा आदर आहे पण मला एक कळत नाही. निम्म्याच्या वर भारतीयांच्या पोटात हा जंतू आहे म्हणतात, आणि त्यातल्या बहुतेकांना काही होत नाही. आल्प्समध्ये बर्फात सापडलेला तो ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्या पोटात पण हाच निघाला, आणि तो पण आपल्या आशियातल्या जातीच्या जवळचा. एवढा जुना सोबती मारायला चार अँटिबायोटिक? आतड्यात ३८ लाख कोटी जंतू असतात म्हणे, ते पण मरतील की त्याच्याबरोबर. मी तर म्हणतो औषध कंपन्यांचा धंदा आहे सगळा.

पूर्वभाग_डॉक

तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे आणि त्याचमुळे मी घरातल्या सगळ्यांना टेस्ट करा असं म्हणणार नाही. ज्याला काही त्रास नाही त्याच्या पोटात शोधत बसलो तर आपल्याकडं निम्म्या लोकांना गोळ्या द्याव्या लागतील, आणि त्याचा तोटाच होईल. पण नाना त्या 'काही होत नाही' वाल्यांत नाहीत ना. त्यांना अल्सर आहे, रक्त गेलंय. रस्त्यावरच्या सगळ्या कुत्र्यांना मारायचं नसतं, पण चावलेल्या माणसाला इंजेक्शन द्यावंच लागतं.

चार अँटिबायोटिक नाहीत, दोन आहेत. आतड्यातले जंतू कमी होतात हे खरं, त्यातले बहुतेक काही आठवड्यांत-महिन्यांत सावरतात. आणि धंदा म्हणाल तर या सगळ्या गोळ्या जुन्या आणि स्वस्तातल्या आहेत.

खरा घोळ दुसरीकडं आहे आणि तो आपणच घातलाय. पूर्वी या जंतूला साधा कोर्स पुरायचा, क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन आणि ॲसिडची गोळी. आता आपल्याकडं तो बऱ्याच जणांत फेल जातो कारण जंतू क्लॅरिथ्रोमायसिनला दाद देत नाही. का देत नाही? घसा खवखवला, सर्दी झाली की मेडिकलवर जाऊन तीन दिवसांच्या ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या घ्यायच्या, माहितीये ना सगळ्यांना. घसादुखी बहुतेक वेळा व्हायरसची असते, तिथं त्या गोळीचा काही उपयोग नसतो. पण गोळी पोटातनंच जाते, तिथं हा बसलेला असतो, आणि ॲझिथ्रो आणि क्लॅरिथ्रो एकाच घराण्यातल्या. एकीला सरावला की दुसरीला पण सरावतो. घशाला झाला नाही उपयोग, पोटात मात्र जंतू तालीम करून तयार. जुलाबाला मेट्रोनिडॅझोल पण आपण असंच पेपरमिंटसारखं खातो, त्यालाही तो आता बराच सरावलाय, म्हणून तर चार गोळ्या आणि १४ दिवस. आणि मध्येच सोडलं तर उरलेले जंतू आणखी चिवट होतात, पुढच्या वेळी पर्याय कमी.

घशाची खरी जंतूची साथ ओळखायची असते, तो स्ट्रेप्टोकोकस वेगळाच, लहान पोरांत तो नीट मारला नाही तर पुढे सांध्यांचा ताप आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. गंमत म्हणजे त्याच्यावर साधं जुनं पेनिसिलिन अजून चालतं. पण ते राहू दे, वेगळा धागा होईल.

मीरा_डेंटल

मी डेंटिस्ट आहे, जुळे सोलापूर. पोराला चावून भरवायचं त्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

दादा, एच. पायलोरी बहुतेक वेळा लहानपणीच लागतो, आणि घरातल्या घरात, आई-वडील, भावंडं यांच्याकडूनच. लाळ, उलटी, संडासचे हात, सगळे मार्ग सांगितले जातात, पाण्याचं पण म्हणतात. हौदाचं पाणी असेल तर प्यायचं पाणी उकळून घ्या, त्याने टायफॉइड-कावीळ पण टळेल. पण लहान पोराला काही त्रास नसताना त्याची टेस्ट करून औषध देत नाहीत, तसा सल्ला बालरोगतज्ज्ञ देत नाहीत. वाढ खुंटली, रक्त कमी आहे आणि लोह देऊन पण वाढत नाही, असं काही असेल तर दाखवा.

चावून भरवणं मात्र आजच बंद करायला सांगा नानांना, आणि ते फक्त या एका जंतूसाठी नाही. मोठ्या माणसाच्या तोंडात ७०० च्या आसपास जातींचे जंतू सापडलेत, त्यातला स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, म्हणजे दात किडवणारा, बाळाकडं मोठ्यांच्या लाळेतनंच जातो. साखर मिळाली की तो ॲसिड करतो, तोंडाचा पीएच साडेपाचच्या खाली गेला, म्हणजे ॲसिड जास्त झालं, की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. त्यात दुधाची बाटली तोंडात धरून झोपणारं पोरगं असेल तर पुढचे चार दात चार वर्षांच्या आत काळे. मी रोज बघते. नाना प्रेमाने करतात, रागावू नका त्यांच्यावर, दुधात कुस्करून चमच्याने भरवा म्हणावं, वेगळा चमचा.

आणि नाना किंवा आई मिसरी लावतात का? तुमच्या विडी घरकुल वसाहतीत निम्म्या आज्या लावतात म्हणून विचारलं. हिरड्या सुजलेल्या असतील तर कोर्स झाल्यावर एकदा दात साफ करून घ्या. दाताच्या किटणात एच. पायलोरी लपून राहतो आणि परत पोटात जातो असं काही जण म्हणतात, त्यावर अजून वाद आहे, मी छातीठोक सांगणार नाही. पण हिरड्यांतनं रक्त येत असेल तर तसंही दाखवायलाच पाहिजे ना.

लॅबवाला_अण्णा

मॅडम मिसरीचं बरोबर बोललात, आमच्या घरी पण आईची सोडवता सोडवता नाकी नऊ आलेत.

विडीघरकुलचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. डॉक्टरांना दुखण्याच्या गोळ्या दाखवल्या, ते पण म्हणले आधीच सांगायला पाहिजे होतं, त्या बंद केल्या, गुडघ्याला लावायचं मलम आणि साधी पॅरासिटामॉल दिलीय. कोर्स चालू आहे. नानांना मी मार्शलची गोष्ट सांगितली, जंतूंचं पाणी प्यायला म्हणल्यावर पाच मिनिटं हसत होते आणि मग म्हणले येडा हाय का बे तो, पण गोळ्या घ्यायला लागले, हे खरं.

आता तोंडाला सारखी लोखंड चाटल्यासारखी चव आहे म्हणतात, जेवण जात नाही, आणि दोन-तीनदा पातळ होतंय रोज. आई म्हणते बंद करा. जीभ काळी झालीय, ते तुम्ही सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. आणि त्या बारीक बाटल्या मिळतात ना पोटाच्या चांगल्या जंतूंच्या, त्या द्यायच्या का?

पूर्वभाग_डॉक

लोखंडी चव मेट्रोनिडॅझोलची, कोर्स संपला की जाते. गोळी जेवणानंतर, लगेच लिंबू किंवा आवळा तोंडात धरायचा. दारूचा थेंब नको, त्या गोळीबरोबर त्रास होऊ शकतो, लग्नाची तारीख असेल घरात तर सांगून ठेवा नानांना.

दोन-तीनदा पातळ होणं चालतं, ओआरएस द्या, बंद करू नका. रक्त पडलं, ताप आला, दहा वेळा जायला लागले तर कोर्स थांबवायचा का ते डॉक्टरच ठरवतील, लगेच दाखवा. त्या बाटल्यांत बॅसिलस क्लॉसी नावाच्या जंतूचे बी असतात, आणि कॅप्सूलमध्ये मिळतं ते सॅकरोमायसिस बोलार्डी, तो तर जंतू पण नाही, यीस्ट आहे, म्हणून अँटिबायोटिकने मरत नाही. यांनी जुलाब कमी व्हायला मदत होते, कोर्स पुरा करायला सोपं जातं, तेवढ्यासाठी विचारून द्या. त्यांनी एच. पायलोरी मरत नाही. दही-ताकातले जंतू पण येऊन जातात, आतड्यात मुक्काम करत नाहीत. ताक आवडतं म्हणून प्यावं, कोर्सचे दिवस गोळीपासून लांब ठेवून.

शेंगाचटणी_फॅन

म्हणजे चटणी निर्दोष सुटली ना? कोर्स संपल्यावर नानांना भाकरी-चटणी द्यायची का नाही तेवढं सांगा.

पूर्वभाग_डॉक

अल्सर भरला, जळजळ थांबली की द्या. रिकाम्या पोटी नको आणि वर चहा नको, एवढंच.

लॅबवाला_अण्णा

पोरा, शेवटची टेस्ट विसरू नको. कोर्स संपल्यापासनं कमीत कमी चार आठवडे थांबायचं, मधे कुठलं अँटिबायोटिक घ्यायचं नाही, आणि टेस्टच्या आधी दोन आठवडे ती ॲसिडची गोळी बंद असली पाहिजे, पण नानांचा अल्सर रक्त गेलेला आहे म्हणून ती कधी बंद करायची ते आधी डॉक्टरांना विचारून. गोळी चालू असताना टेस्ट केली तर जंतू दबलेला असतो, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो आणि घरचे पेढे वाटतात. श्वासाची टेस्ट असेल तर सकाळी उपाशी पोटी यायचं. आणि काउंटरवर सांगताना रक्ताची म्हणू नको, श्वासाची नाहीतर संडासातली अँटिजेनची असं स्पष्ट म्हण, नाहीतर काउंटरवरचं पोरगं सवयीने रक्तच काढतंय.

विडीघरकुलचा_पोरगा

हो अण्णा, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतो. टेस्ट झाली की इथंच टाकतो काय आलं ते.